उचललेली पिकअप आणि मागच्या ब्रेकचा हिशेब

कोल्हापूरच्या आसपास माल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांमध्ये, कारखान्यातून निघाली त्याच उंचीवर राहिलेली गाडी शोधू गेले तर बराच वेळ लागेल. शाहू मार्केट यार्डाच्या दारात सकाळी उभे राहून येणाऱ्या गाड्यांच्या मागच्या चाकांकडे जरा वाकून पाहिले, की कोणी काय केले आहे ते दिसते. एखाद्या गाडीला मूळ पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन पाटे जास्त घातलेले असतात, एखादीला एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवून लांब यू बोल्ट आवळलेले असतात, तर कोणी पाट्यांचे टोक चासीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकलच, लांब करून घेतलेली असते. रिकाम्या उभ्या असल्या की या गाड्या मागून इतक्या वर दिसतात, की त्या आत्ता उडी मारतील असे वाटावे.

हे करणाऱ्यांची कारणे खोटी नसतात. पावसाळ्यात पाणंदीच्या काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात, की मधल्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकते आणि मग तिला ओढून काढण्यासाठी दुसरा ट्रॅक्टर शोधावा लागतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हापासून तर उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी अशी समजूत आणखी पक्की झाली. पुराच्या पाण्यात तीन-चार इंचांनी काय फरक पडणार आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. पाटे वाढवल्याने चासी आणि हौदा वर जातो, पण मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा एक्सलबरोबर जिथल्या तिथे राहतो, हेही सहसा लक्षात घेतले जात नाही. तो वर घ्यायचा असेल तर टायरच मोठा लागतो. खरे कारण बहुतेक वेळा माल हे असते. पाटे वाढवले की पाचशे किलो जास्त भरले तरी गाडी बसलेली दिसत नाही आणि वाटेत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

माझ्या मावसभावाचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. त्याच्या पिकअपमधून गूळ मार्केट यार्डात येतो आणि गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीकडेही जातो. त्याने मागे दोन पाटे जास्त घालून गाडी साधारण चार इंच उचलून घेतली आणि टायरही एक माप मोठे घातले. त्यानंतर काही दिवसांनी त्याची तक्रार सुरू झाली. "दादा, मोकळी असली की चालतंय म्हणायचं, पण माल भरला की मागनं कुणीतरी ढकलतंय असं वाटतंय." पुढचे पॅड फार लवकर संपू लागले होते. घाट उतरल्यावर पुढच्या चाकांना जळका वास यायचा, आणि मागच्या ड्रमवर हात ठेवला तर तो जेमतेम कोमट लागायचा.

या एवढ्या माहितीत दोषाचे सगळे वर्णन आलेले होते, तरीही पुढचे दोन महिने पैसे खर्च झाले ते पुढच्याच चाकांवर. एका गॅरेजमध्ये पॅड बदलले आणि डिस्क लेथवर घासून घेतल्या. दुसऱ्या गॅरेजमध्ये पायाचा जोर वाढवून देणाऱ्या बूस्टरवर संशय घेतला गेला. तिसऱ्या ठिकाणी पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर नवा टाकावा लागेल असे सांगितले. जे झिजते, तापते आणि वास सोडते त्यालाच दुरुस्त करायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत आहे. पुढचे ब्रेक मात्र पूर्णपणे चांगले होते आणि मागच्यांचेही काम तेच करत होते. दोष होता तो काहीच न झिजलेल्या, थंड आणि कोणाला त्रास न देणाऱ्या मागच्या बाजूला.

येथे थोडा हिशेब केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रिकामी पिकअप साधारण 1700 किलोची धरू. त्यातले 950 किलो पुढच्या चाकांवर आणि 750 किलो मागच्या चाकांवर येतात, दोन एक्सलमधले अंतर 3 मीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर आहे असे मानू. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या प्रमाणात वेग कमी होईल इतक्या जोराने ब्रेक दाबला, तर सुमारे 200 किलो भार मागून पुढे सरकतो, म्हणजे त्या क्षणी पुढे 1150 आणि मागे 550 किलो राहतात. आता त्याच गाडीत 1300 किलो माल भरू. एकूण वजन 3000 किलो झाले, माल मुख्यतः मागच्या एक्सलवर आल्याने पुढे 1050 आणि मागे 1950 किलो झाले, आणि गुरुत्वमध्य 90 सेंटिमीटरपर्यंत वर गेला. पुन्हा तेवढाच ब्रेक दाबला तर 450 किलो पुढे सरकतात आणि दोन्ही एक्सलवर 1500-1500 किलो येतात. हे आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत, पण प्रत्यक्षापासून फार लांबचे नाहीत. रिकाम्या गाडीत थांबवण्याचे काम पुढच्या चाकांनी मागच्यांच्या दुपटीने करायचे असते आणि भरलेल्या गाडीत ते निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे असते. कारमध्ये हा फरक इतका मोठा नसतो, कारण चार माणसे आणि दोन बॅगा यांनी कारचे वजन दुप्पट होत नाही.

एकाच पेडलने ही दोन वेगवेगळी वाटणी कशी साधायची, याचे उत्तर अशा अनेक गाड्यांमध्ये मागच्या एक्सलच्या वर, चासीला बसवलेल्या एका लहानशा व्हॉल्व्हने दिलेले असते. मिस्त्री लोक त्याला एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे भारानुसार दाब वाटणारा व्हॉल्व्ह) म्हणतात किंवा नुसते मागचा व्हॉल्व्ह म्हणतात. त्यातून एक कांडी बाहेर आलेली असते आणि ती एका दांड्याने एक्सलला जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, एक्सलवरचा दांडा कांडीला वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी झाली की चासी वर जाते, कांडी खाली येते आणि एका मर्यादेनंतर मागचा दाब रोखून धरला जातो. उदाहरणच द्यायचे तर रिकाम्या गाडीत 30 बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) पुढचा आणि मागचा दाब सारखाच वाढतो आणि त्यापुढे मागचा सावकाश वाढतो, म्हणजे पुढे 80 बार झाले तरी मागे 45 च्या आसपासच राहतात. भरलेल्या गाडीत हे रोखणे फार उशिरा सुरू होते किंवा होतच नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखा हा गाडीच्या पोटातला काटा आहे, फक्त तो किलो मोजत नाही. तो चासी आणि एक्सल यांच्यातले अंतर मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतो.

आणि नेमके तेच अंतर मावसभावाने चार इंचांनी वाढवले होते. गाडीत माल भरलेला असला तरी व्हॉल्व्हच्या हिशेबी ती रिकामीच होती, किंबहुना रिकाम्याहूनही रिकामी. तो मागचा दाब रोखून धरत होता, आणि 1500 किलो भार असलेली मागची चाके अर्ध्या दाबावर चालत होती. उंची वाढल्याने गुरुत्वमध्यही वर जातो आणि ब्रेक दाबताना जास्त भार पुढे सरकतो हे खरे आहे, पण वरच्याच हिशेबात गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर नेला तर 450 च्या जागी 500 किलो सरकतात, एवढाच काय तो फरक. गाडी उंच झाली म्हणून ब्रेक बिघडले, असे जे सरसकट म्हटले जाते, त्यात या 50 किलोंचा वाटा थोडा आहे. खरा वाटा त्या कांडीचा आहे.

म्हणून गाडी कशा रीतीने उंच केली हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा लागतो. पाटे, ठोकळा किंवा लांब शॅकल यांनी मागची बाजू उचलली असेल तर चासी-एक्सलचे अंतर बदलते आणि व्हॉल्व्ह फसतो. नुसते टायर मोठे केले, किंवा चासी आणि बॉडी यांच्यामध्ये गट्टू टाकून वरचे खोके उचलले, तर हे अंतर तेवढेच राहते आणि व्हॉल्व्हला काही कळतही नाही. तेव्हा दोष दुसरीकडे शोधावा लागतो.

शेवटी ती गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वस्तादांच्या शेडमध्ये आली. ऑइल इंजिनांपासून मोटारीच्या कास्टिंगपर्यंत सगळे काही ज्या परिसराने हाताखालून घातले, तिथे अशी माणसे अजून आहेत. त्यांनी गाडी जॅकवर न घेता तशीच जमिनीवर उभी ठेवली आणि बॅटरी घेऊन ते खाली सरकले. मीही शेजारी आडवा झालो. चासीच्या आडव्या पट्टीला मुठीएवढा व्हॉल्व्ह, त्यातून निघालेली कांडी, तिच्या टोकाला रबरी बूश आणि तिथून खाली एक्सलवरच्या कंसाकडे गेलेला दांडा, या सगळ्यावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. दांडा दोरीसारखा ताणलेला होता आणि कांडी खालच्या थांब्याला घट्ट टेकलेली होती. वस्तादांनी खालचा नट सोडून कांडी बोटाने वर-खाली करून पाहिली. ती मोकळी हलत होती, गंजलेली नव्हती. नट पुन्हा लावून त्यांनी शेडमधल्या चार पोरांना हौद्यात चढून मागच्या टोकाला उभे राहायला सांगितले. कांडी थांब्यावरून तसूभरही सुटली नाही. "बघा, ह्या गाडीच्या लेखी हौद्यात कोण न्हाईच," ते म्हणाले.

तरीही त्यांनी लगेच व्हॉल्व्हला हात घातला नाही, हे मला विशेष वाटले. मागचे ब्रेक कमी लागण्याची इतर सगळी कारणे आधी निकालात काढायची, असा त्यांचा क्रम होता, आणि तो योग्य होता, कारण ड्रम आणि आतले शू यांच्यातले अंतर राखणारा अॅडजस्टर ढिला असलेल्या किंवा शूच्या घासणाऱ्या थरावर, म्हणजे लायनरवर, तेल आलेल्या चाकाला कितीही दाब दिला तरी उपयोग नसतो. त्यांनी दोन्ही ड्रम काढले. हबच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइल लायनरवर आले आहे का ते पाहिले, कारण तसे एकाच बाजूला झाले तर गाडी ब्रेक दाबताच एका अंगाला ओढते आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. व्हील सिलिंडर पाझरत नव्हते. शू ड्रमपासून फार लांब राहिलेले होते, ते जवळ घेतले. चासीवरून एक्सलवर उतरणारा रबरी पाइप गाडी उचलल्यामुळे ताणला गेला होता. चाक खड्ड्यात लोंबले की तो उपटला जाईल किंवा आतून दबेल, म्हणून तो लांब घालायचे ठरले. असा पाइप आतून फुगून बंद होऊ लागला, तर पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो आणि चाक धरून राहते. हँडब्रेकच्या केबलचीही तीच गत होते. उंचीमुळे ती ताणली जाते आणि हँडब्रेक खाली असतानाही शू थोडे टेकलेले राहतात. या गाडीत केबल अजून सुटी होती.

ब्रेकच्या पाइपांमध्ये शिरलेली हवा काढण्याच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी बऱ्याच ठिकाणी पाळली जात नाही. गाडी चासीवर जॅक लावून उचलली आणि मागची चाके लोंबत ठेवली, तर कांडी खालीच राहते, व्हॉल्व्ह दाब रोखतो आणि मागच्या ओळीतली हवा नीट निघत नाही. त्यामुळे एक्सलखाली टेकू देऊन, पाट्यांवर गाडीचे वजन असताना हवा काढावी. आपल्याकडे मास्टर सिलिंडर चालकाच्या म्हणजे उजव्या बाजूला असल्याने सुरुवात साधारणपणे सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून करतात. काही व्हॉल्व्हना हवा काढण्याचे स्वतःचे वेगळे निपल असते, ते विसरले तर पेडल मऊच राहते.

हे सगळे झाल्यावर दोन प्रेशर गेज आले, एक पुढच्या कॅलिपरच्या निपलला आणि दुसरे मागच्या सिलिंडरच्या निपलला. इथे वजन लागणार होते, आणि गुऱ्हाळवाल्याच्या गाडीला वजनाची काय वाण? गुळाचे 30 किलोचे चाळीस रवे, म्हणजे ढेपा, हौद्यात मागच्या एक्सलवर भार येईल असे रचले, म्हणजे बरोबर 1200 किलो झाले. पेडल दाबून पुढचे गेज 80 बारवर धरले तेव्हा मागचे जेमतेम चाळीसच्या पुढे गेले. मग एकाने खाली जाऊन कांडी हाताने वर रेटून धरली आणि मागचा काटा सरसर चढून पुढच्याच्या जवळ गेला. व्हॉल्व्ह निर्दोष असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय काय, तर कांडी तारेने कायमची वर बांधून टाकायची. हा उपाय रस्त्यावर सर्रास चालतो. दुसऱ्या गॅरेजने मावसभावालाही तो सुचवला होता, आणि माल भरलेला असताना तो चालतोही. पण परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असते. तेव्हा 550 किलो भार असलेल्या मागच्या चाकांना 1500 किलोंच्या हिशेबाचा दाब मिळाला, तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग लागत नाही, पण गाडी निदान सरळ तरी जाते. मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपटी पुढे यायला पाहते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणूनच गाडी बनवणारे पुढची चाके आधी जाम होतील अशीच वाटणी ठेवतात. गगनबावड्याच्या पावसात, जिथे जून ते सप्टेंबर रस्ता क्वचितच कोरडा असतो, घाटाच्या वळणावर रिकाम्या पिकअपने अशी गिरकी घेतली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. तार बांधणारा माणूस हा धोका स्वतः घेत नसतो, तो गाडी घेऊन जाणाऱ्याच्या माथी मारत असतो, आणि या प्रकाराबद्दल माझे मत अजिबात सौम्य नाही.

सरळ उपाय असा की गाडी जेवढी उचलली तेवढाच उंच कंस एक्सलवर बसवून दांड्याचे खालचे टोक वर घ्यायचे, म्हणजे कांडी मूळ जागी येते. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा असेल तर एवढ्यावर काम भागते, कारण तिथे पाट्यांचा कडकपणा बदललेला नसतो. पाटे वाढवलेल्या गाडीत मात्र अडचण वेगळी आहे. मूळ पाटे 1200 किलोंखाली दहा सेंटिमीटर दबत असतील आणि आता सहाच दबत असतील, तर रिकाम्या स्थितीत कांडी कितीही बरोबर बसवली तरी पूर्ण मालात ती सहाच सेंटिमीटर सरकेल आणि व्हॉल्व्हला साठ टक्केच माल दिसेल. यावर कांडीची लांबी त्याच प्रमाणात कमी करता येते, कारण कांडी आखूड झाली की तेवढ्याच हालचालीत ती जास्त फिरते. वस्तादांना व्हॉल्व्हच्या कांडीला नवे भोक पाडणे पसंत नव्हते. त्यांनी सरळ सांगितले, की जास्तीच्या दोन पाट्यांपैकी एक काढायचा, म्हणजे उंचीही उतरेल आणि कडकपणाही, आणि उरलेला फरक कंसाने भरून काढायचा.

मावसभावाने यावर बरीच घासाघीस केली. एक पाटा काढणे म्हणजे खेपेला काही रवे कमी भरणे, असा त्याचा हिशेब होता. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या निर्मात्याच्या तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल, हे मी त्याला सांगून पाहिले. त्याचा त्याच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. परिणाम झाला तो पुढचे पॅड किती वेळा बदलले याच्या पावत्या बेरीज करून दाखवल्यावर.

कंस सहा मिलिमीटरच्या पट्टीचा केला आणि त्याला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली, म्हणजे बोल्ट ढिला करून दांडा थोडा वर-खाली घेता यावा. गाडी खड्ड्यात पूर्ण दबली तर कंस चासीला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागत नाही ना, आणि चाक पूर्ण लोंबले तर दांडा उलटून पलीकडे अडकत नाही ना, हे दोन्ही टोकांना तपासले. पुन्हा रवे भरले, पुन्हा गेज लावले, खाचेतला बोल्ट सरकवत मागचा दाब पुढच्याच्या जवळ आणला, आणि मग रवे उतरवून रिकाम्या गाडीत तो पुन्हा पुरेसा खाली येतो हेही पाहिले. रिकाम्या स्थितीतली ही दुसरी तपासणी केल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

मोठ्या टायरचा भाग तसाच राहिला. 215/75 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 घातले की टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटरवरून 733 होतो, म्हणजे पेडलवर तेवढाच जोर दिला तर रस्त्यावर साधारण चार टक्के कमी अडवणूक मिळते आणि स्पीडोमीटरही तेवढाच कमी वेग दाखवतो. हा तोटा पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना सारखा असल्याने तोल बिघडत नाही. ब्रेक ऑइल मात्र वस्तादांनी सगळे नवे घातले. डॉट 4 दर्जाचे ऑइल नवे असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतले पाणी शोषून जुने झाले की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. त्या ऑइलची वाफ झाली तर पुढचा-मागचा तोल कितीही साधलेला असो, पेडल फरशीला जाते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर उतरवायची, हे मावसभावाला आधीपासून ठाऊक आहे. त्याने कामावर ठेवलेल्या नव्या ड्रायव्हरला ते दोनदा सांगावे लागले.

काढलेला पाटा वस्तादांनी शेडमध्येच एका कोपऱ्यात उभा करून ठेवला आहे. गुळाचा हंगाम भरात आला की मावसभाऊ तो परत बसवून मागायला येईल, अशी त्यांची खात्री आहे. आला तर कंसाची उंची नव्याने काढावी लागेल, रवे पुन्हा भरावे लागतील, आणि त्या कामाचे पैसे वेगळे पडतील, हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.